अर्ध्यावर थांबणारी बॅटरी

बॅटऱ्या बोलत असत त्या काळातली ही गोष्ट. चाकांवरचं घर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या कुमुदताई एकदा बॅटरीच्या दुकानात आल्या. त्यांच्या गाडीत छोटा फ्रिज होता आणि फ्रिजमध्ये यजमानांचं इन्सुलिन. गाडी उभी असली तरी तो फ्रिज चालायला हवा होता.

"मलाच घ्या!" इंजिन सुरू करणारी बॅटरी म्हणाली. "एका झटक्यात ट्रक जागा करते मी. असेल नसेल ते सगळं देऊन टाकते!"

शेजारी एक जाडजूड बॅटरी होती. ताईंनी तिला विचारलं, "आणि तू गं?"

"मी दिवसभर थोडं थोडं देते. पण निम्मी उरले की मला थांबवायचं आणि सावकाश भरायचं. घाई चालत नाही."

पहिली खो खो हसली. "निम्मं स्वतःलाच ठेवते! कंजूष कुठली!"

ताईंनी जाडजूड बॅटरी गाडीत ठेवायला सांगितली. मग पहिलीकडे वळून म्हणाल्या, "तू इंजिनापाशीच शोभतेस, बाई. चाळीस वर्षं मी घरी दही लावतेय. पंगतीला कितीही पानं असोत, चमचाभर बाजूला काढून ठेवते. पातेलं पुसून वाढलं असतं, तर दुसऱ्या दिवशी विरजण कुठून आणलं असतं?"