तिसऱ्या हाकेची वाट

फार वर्षांपूर्वी एका दुपारी कुसळवाडीच्या माळावर हरणं पळाली, पण उडाली नाहीत. सगळं तिथून सुरू झालं, असं म्हणतात.

ज्यांनी माळ पाहिला नाही त्यांना वाटेल, यात एवढं काय? हरीण पळालं काय नि उडालं काय! पण तसं नाही. लांडग्याची चाहूल लागली की काळविटांचा कळप आधी उडतो. एक उडतं, मग दुसरं, मग तापल्या खापरीत लाह्या फुटाव्यात तसा सगळा कळप. पुरुषभर उंच, चारी पाय आवळून. लांडग्याला ते जणू सांगतात, बघ, अंगात अजून एवढं बळ आहे, धावायचं असेल तर ये. मग धाव सुरू होते. लांडगेही काही कमी नसतात. दोघं मागून रेटतात, एक पुढच्या ओढ्यात दबून बसतो, दमला त्याची जागा ताजा घेतो. कधी लांडग्याच्या पिलांची पोटं भरतात, कधी हरणाचा जीव वाचतो, आणि बहुतेक वेळा हरणाचाच वाचतो. माणूस माळावर यायच्या आधीपासून हे असंच चाललेलं.

त्या दुपारी मात्र कळप माना खाली घालून नुसता पळाला. उडायला अंगात ताकदच नव्हती. आणि हे कुणी पाहिलं? तर जिच्या बोलण्याला गावात काडीची किंमत नव्हती, अशा एका बाईनं.

तिचं नाव भिवरा. धनगराची सून. नवरा मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरलेला, आणि माळाच्या कडेला खोपटात ही आणि हिची सासू, दोघीच. सासूचं नाव ठकूबाई. ठकूबाई ठार बहिरी होती. तिला बोलवायचं तर भिवरा जमिनीवर टाच आपटायची, तो हादरा तळपायाला कळला की म्हातारी वळून म्हणायची, "ओ, आले गं बाई."

भिवरा होती भित्री. पान पडलं तरी दचकायची. पाठीमागून कुणी नाव घेतलं की हातातली घागर सुटायची. विहिरीवरच्या बायकांना तेवढाच विरंगुळा. "काय गं भिवरे, आज काय बघून आलीस? सरडा की पाल?" एकजण विचारायची, आणि दुसरी मुद्दाम मागून टाळी वाजवायची. भिवरा दचकली की सगळ्याजणी फिदीफिदी हसायच्या. दचकणारं माणूस इतरांच्या आधी ऐकतं, ही साधी गोष्ट त्या सगळ्या शहाण्यांमध्ये एकीच्याही ध्यानात आली नाही.

हरणं का उडाली नाहीत, ते बघायला भिवरा त्यांच्या मागावर गेली, आणि माग तिला तळ्याशी घेऊन गेला.

ते साल दुष्काळाचं होतं. माळावर पाणी उरलं होतं ते एका तळ्यात. त्या तळ्याला गावचे पाटील, रखमाजी पाटील, यांनी वई घातली होती. वई म्हणजे काट्यांचं कुंपण, बाभळीच्या फांजरांवर, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्यांवर, फांजर रचून केलेलं. आधी सांगितलं, गावच्या जनावरांना पाणी राहावं म्हणून. ते कुणीही समजू शकेल. पण मग त्या वईला माळाच्या अंगाला एक तोंड ठेवलं. येताना रुंद, आत जाताना अरुंद, आणि पुढे कुठेच वाट नाही. हरीण मोकळ्यावर पुरुषभर उडतं, पण वई ओलांडून उडी घेत नाही. लांडगे पाठीशी लागले की तहानेलेला कळप नीट त्या तोंडातून आत शिरायचा आणि काट्यांत अडकायचा. लांडगे मागून यायचे, एखादं धरायचे, आणि तेवढ्यात गावकरी टेंभे घेऊन, डबे बडवत धावायचे. लांडग्यांना पिटाळायचं आणि हरणं आपण उचलायची. धाव लांडग्यांची, जीव हरणांचा आणि रस्सा पाटलांचा! लांडग्याला फुकटचा गडी करून ठेवला होता, आणि वर त्यालाच चोर म्हणायचे. पहिल्यांदा हे पोटासाठी झालं असेल. नंतर हौसेसाठी झालं. पाहुणा आला की पाटील मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "थांबा, आमची कुत्री आत्ता शिकार आणत्यात."

भिवरा चावडीवर गेली. तिच्यासारखी बाई चावडीची पायरी चढली हेच मोठं नवल, असं म्हणतात. पदर दातात धरलेला.

"पाटील, वई काढा."

"का गं? तुला टोचली व्हय?"

माणसं हसली. भिवरा म्हणाली, "लांडगा पळतो तवा खातो. हरीण पळतं तवा जगतं. दोघं बी आपल्या पायावर हायती. आपण तर बसल्या जागी खातोय."

"लांडग्यानं खाल्लं तर चालतं, आम्ही खाल्लं की पाप का?"

"तुमी बी पळा की मग."

आता कुणी हसलं नाही. पाटलांचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. "माळ काय तुझ्या बापाचा हाय? भितरी ती भितरी, आन् कीव कुणाची करती, तर लांडग्याची! उद्या म्हणशील, लांडग्याला पाट मांडा, ताट वाढा."

मग मात्र पुन्हा हशा पिकला, आणि भिवरा परत आली.

पुढे व्हायचं तेच झालं. लांडग्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. मेहनत त्यांची आणि तोंडचा घास रोज जायचा. एका लांडगीनं शेवटी गावातल्या मेंढवाड्यातलं कोकरू नेलं. झालं! पाटील म्हणाले, "बघा, सांगत हुतो का नाही? जातच वाईट." ज्यानं उपाशी ठेवलं त्यानंच भुकेला नावं ठेवायची, ही रीत तेव्हाही होती. आजही आहे.

आता कुसळवाडीचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. दिवेलागण झाली की माळावरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माळावर हिंडणारं भूत ओळखीच्या आवाजात हाक मारतं, पण त्याला दोनच हाका येतात, असं म्हणतात. तिसरी आली तर समजायचं माणूस आहे. मग ओ द्यायची, मग धावायचं. लहान पोरांनाही हे पढवलेलं असायचं. नियम कुणी केला, कुणाला ठाऊक नाही. पण पाळायला फार सोपा होता. ज्यात काहीच करायचं नसतं तो नियम माणसं फार निष्ठेनं पाळतात.

आणि ती संध्याकाळ आली. भिवरा चूल पेटवत होती. अचानक दचकली. या खेपेला कसला आवाज नव्हता. चंडोल गायचे थांबले होते. मग जमीन हादरायला लागली. खुरं! भिवरा तशीच उठून धावली, पायात वहाण नाही, हातात काही नाही.

तळ्याशी पोचली तर अख्खा कळप वईत. गाभण हरणी, पाडसं, सगळी एकमेकांवर रेटलेली, काटे अंगात गेलेले, आणि तोंडाशी लांडगे. पण लांडगेही आत जायला बिचकत होते. इथं शिकार केली की टेंभे येतात, हे ते शिकले होते. पुढे जावं तर माणूस, मागे जावं तर उपास. भुकेलेले आणि भ्यालेले समोरासमोर थरथरत उभे, आणि मध्ये माणसानं घातलेला काटा.

भिवरा पलीकडच्या अंगाला गेली आणि फांजरं ओढू लागली. पण ती एकमेकांत अशी गुंतलेली, की एक उचलायलाही दोन माणसं लागावीत. तेव्हा तिनं गावाकडे तोंड केलं आणि हाक दिली.

"धावा गं! धावा रं! वई काढू लागा!"

गावात दिवे लागले होते. हाक तिथं पोचली, अगदी शब्दन् शब्द. पारावर बसलेल्या माणसांपैकी एकजण उठू लागला. पाटलांनी हात वर केला. "बस खाली. पहिली हाय."

"आवाज भिवरीचा वाटतोय."

"मग भूत काय तुझ्या आवाजात वराडंल? आन् भिवरी असली तरी सरडा बघितला आसंल."

कुणीतरी खुसुखुसू हसलं. तेवढ्यात दुसरी हाक आली.

"आरं, कुणी हाय का?"

"दुसरी," पाटील म्हणाले.

मग सगळं गाव तिसऱ्या हाकेची वाट बघत बसलं. बायका दारांत, पुरुष पारावर. कान टवकारून, श्वास रोखून, पण बसून. तिसरी हाक आली नाही.

आजही त्या घरांतले लोक सांगतात, तिसरी आली असती तर आमचे पूर्वज नक्की धावले असते. असं म्हणतात. म्हणणारच! पण मी विचारते, जीव वाचवायला निघालेल्या बाईनं हाका मोजून द्यायच्या का? तिच्या छातीत उरलेला श्वास तिनं हाकेवर घालवायचा, की वईवर?

तिनं तो वईवर घातला. माळ तेवढा साक्षीला होता, आणि माळानं सांगितलेलं असं, की भिवरानं दोन्ही हात कोपरापर्यंत काट्यांत घातले आणि अख्खी वई अंगावर ओढून घेतली, थंडीत वाकळ ओढावी तशी. काटे तिच्या दंडांत, छातीत, कपाळात रुतले, आणि वाट मोकळी झाली. ती तिथंच ओणवी झाली. तिच्या पाठीवरून पहिली हरणी उडाली. मग दुसरी. मग सगळा कळप, पाडसांसकट, पुरुषभर उंच, चारी पाय आवळून. मागून लांडगे आले आणि ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तसे तिच्या दोन्ही बाजूंनी गेले. तिला एकाचाही दात लागला नाही. पुढे मोकळ्या माळावर धाव झाली, खरी धाव. कोण वाचलं, कुणाचं पोट भरलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

उजाडल्यावर गाव काठ्या घेऊन आलं. उजेडात हाकेची भीती नसते ना! वई उलथून पडलेली होती, काट्यांवर लुगड्याच्या चिंध्या होत्या आणि भिवरा नव्हती. "लांडग्यांनी नेली," पाटील म्हणाले. पण ठकूबाई मागावर चालत गेली. खुरांचे ठसे, पंजांचे ठसे, आणि दोन्हींच्या मधून अनवाणी बाईची पावलं. पुढे पुढे पावलांतलं अंतर वाढत गेलेलं. शेवटच्या पावलाला टाच नव्हती. नुसता चवडा रुतलेला, उडी घेताना रुततो तसा. त्याच्या पुढे काही नाही. नुसतं कुसळाचं गवत.

त्या दिवसापासून दिवेलागणीला माळावरून भिवराची हाक येऊ लागली. एक. मग थोड्या वेळानं दुसरी. मग काही नाही. रोज. पहिली ऐकली की गाव दारं लावून घ्यायचं, कानांत बोळे घालायचं. पाटील म्हणायचे, तिसरी आली की बघू. इकडे माळ मुका झाला. लांडग्यांचं विव्हळणं ऐकू येईना, हरणं दिसेनात, तळ्याचा तळ दिसू लागला.

आज कुसळवाडीला गेलात तर तळ्याशी एक बिनतोंडाचा धोंडा दिसेल. ती हाकाई. भिवराला आता याच नावानं ओळखतात. माळावर कुणी वई घालत नाही, तारही ओढत नाही. चैत्रात पाणी आटायला लागलं की सगळं गाव रिकाम्या हातानं तळ्याशी जातं. धोंड्याशी बाभळीचं एक फांजर ठेवलेलं असतं, ते नुसत्या हातांनी उचलतात. आणि हाक द्यायचा मान असतो गावातल्या सगळ्यांत भित्र्या पोरीचा. जी पालीला किंचाळते, जिला अंधारात मोरीवर जाववत नाही, तिचा. ती एकदाच हाक देते. आणि एरवीही कुसळवाडीत कुणी कुणाला हाक मारली, वेळ कुठलीही असो, तर ओ पहिल्याच हाकेला येते. हातातला घास खाली ठेवून येते. परगावची माणसं हसतात. हसू देत. माळावर आज काळविटं उडतात आणि लांडगे पिलं वाढवतात, ते त्या 'ओ'च्या जिवावर, असं म्हणतात.

पण पहिली ओ दिली कुणी, ते सांगायचं राहिलंच.

गावाला रोज हाक ऐकू यायची, पण ओ द्यायचं धाडस नव्हतं. ठकूबाईला काहीच ऐकू यायचं नाही, आणि तिला कुणी सांगितलंही नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? पण म्हातारीला डोळे होते. रोज दिवे लागले की माणसं माळाकडे बघतात, दचकतात, माना खाली घालतात, हे तिनं पाहिलं. दचकणं तिच्या ओळखीचं होतं. घरात दुसरं काय पाहिलं होतं तिनं इतकी वर्षं?

एका संध्याकाळी ती काठी टेकत पारावर आली आणि पाटलांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत.

"काय बघती, म्हातारे?" पाटील म्हणाले. तिला ते ऐकू आलं नाही. ती बघतच राहिली.

दिवे लागले. पारावरची बोलणी थांबली. पाटलांच्या गालाची शीर हलली, पापण्या मिटल्या, मान किंचित खाली गेली. पहिली हाक आली होती.

पाटलांनी सवयीनं हात वर केला. "थांब. पहिली..."

ठकूबाईनं तो हात काठीनं खाली पाडला. माळाकडे वळली, टाच जमिनीवर आपटली, आणि ज्या आवाजाची उंची तिला स्वतःलाही कधी कळणार नव्हती त्या आवाजात, साऱ्या गावाच्या कानांतले बोळे उडून जातील अशी ओरडली,

"ओ! आले गं बाई, आले!"