हरण्याचं वशिंड

ऐका. आन मधी हसायचं न्हाई. हसनाऱ्यानं आत्ताच उठून घरी जावं.

लई वर्सांमागं, आपल्या गावाला धड गाडीवाट बी नव्हती तवा, गेना पाथरवट इथं ऱ्हायचा. दगडातनं तोंड काडावं तर गेनानंच. त्यानं मारुती घडवला तर माकडं पाया पडून जायची. घोडा घडवला तर बायका त्याच्याम्होरं गवत टाकायच्या, असं म्हनत्यात.

पाथरवटाची एक रीत हाय. डोळं शेवटी उघडायचं. समदं घडवून झालं की आंगूळ करायची, नारळ फोडायचा आन बारीक छिन्नीनं डोळं उघडायचं. डोळं उघडलं की काम सपलं, हत्यार खाली.

गावात सिदू आबा व्हता. जलमाचा आंधळा, पन मोट हाकायचा. हाकायचा म्हंजी हाकायचा! त्याचा बैल हरण्या. आबा हरण्याच्या वशिंडावर हात टाकायचा, आन हरण्या त्याला विहिरीच्या धावंच्या उतारावरनं खाली न्ह्यायचा, परत वर आनायचा. ईस वर्सं. आबा एकदा बी ठेचाळला न्हाई.

मंग हरण्या म्हातारा झाला आन गेला. आबानं भाकरी सोडली. रिकाम्या दावनीपाशी बसला तो बसलाच. सून ताट घिऊन यायची.

"मामंजी, दोन घास तरी खावा."

"आदी त्याला घाल."

निस्त्या पान्यावर म्हातारा किती दिस काडनार? गेनाला हे कळलं. तो म्हनला, "रडू नगं वैनी. मी हरण्याला घरी आनतो."

काळा दगड आनला. सात दिस पाठ टेकली न्हाई. आठव्या दिशी हरण्या उभा! शिंगं, कान, खुरं, गळ्यात घुंगुरमाळ. डोळं उघडलं तसं गोठ्यातल्या गाया हंबरल्या, असं म्हनत्यात.

आबाला धरून आनला. आबानं शिंगं चाचपली, तोंड चाचपलं, डोळं चाचपलं. आन हात काडून घेतला.

"कुनाचा रं ह्यो बैल?"

"आबा, हरण्या हाय!"

"बाजारातला दिसतोय. माझा न्हवं."

गेनाचं डोस्कं फिरलं. का फिरू नये? सात दिस मरमर केलेली! त्यानं हातोडा उचलला आन दोनी शिंगं उडवली. लोकं मागं पळाली. आबानं परत हात लावला.

"हां. आता वळखीचा वाटाय लागला."

आन सुनंच्या हातनं घोटभर दूद प्याला.

तवा गेनाच्या डोस्क्यात उजेड पडला. ईस वर्सांत आबानं हरण्याची शिंगं कवा धरलीच नव्हती. "आबा, तुमचा हात कुठं असायचा?" आबानं हवंतच तळवा ठिवला, वशिंडावर ठिवावा तसा.

मंग गेनानं रोज आबाला शेजारी बसवलं. कान काडून टाकलं, आबानं पेज घेतली. तोंड काडलं, पाय काडलं, घुंगुरमाळ काडली. बघनारी पोटं धरून हसली. "गेना, बैल खाल्लास व्हय रं समदा?"

"तुमच्या डोळ्याला घालायचा न्हाई मला!" गेना वराडला. "आबाच्या हाताला घालायचाय!"

शेवटी ऱ्हायलं काय? एक वशिंड, आन त्याच्यामागं पाठीचा उतार. बास. पन गेनाची छिन्नी अडली. ह्याला डोळं न्हाईत, मंग काम सपलं कवा म्हनायचं? तो एक घाव घालायचा, आबा हात फिरवायचा. घाव घालायचा, हात फिरवायचा. आन एका दुपारी आबाचा हात वशिंडावर जाऊन थांबला. हललाच न्हाई.

"आला," आबा म्हनला.

गेनानं छिन्नी खाली ठिवली.

दगड गरम झाला आन श्वास घेतल्यागत वर-खाली हलला, असं म्हनत्यात. मी तितं नव्हतो. पन सुनंनं भाकरी आनली, आबानं पयला तुकडा दगडावर ठिवला आन बाकीची टेकून बसून खाल्ली, हे खोटं न्हाई. त्याम्होरं आबा धा वर्सं जगला.

गेनानं परत तोंड घडवलं न्हाई. दुदानं भरलेली कास, बाळ निजलेली मांडी, फुगलेली भाकरी, असं हाताला ठावं असलेलं घडवत ऱ्हायला. आन लई सुकात मेला.

ते वशिंड आजबी जुन्या विहिरीपाशी हाय. तळव्याएवढी जागा आरशागत झालीया. बेंदराला आपन बैल धुतो, रंगवतो, झूल घालतो, पन मिरवनुकीआदी तितं न्हेतो. पुरनपोळीचा पयला तुकडा दगडावर ठिवतो. मंग मालकानं डोळं मिटायचं, दगडावर हात ठिवायचा, आन त्याच हातानं आपल्या बैलाचं वशिंड धरायचं. डोळं उघडं ठिवून जाऊ नगा. उघड्या डोळ्याला तितं निस्ता दगड हाय.