धुरपतीचा रिकामा ओटा

हे समोर दिसतं ते चऱ्हाटवाडीचं तळं. पाणी नितळ आहे, पिऊन बघा. काठावरच्या करंजाला गुंडाळलेला जाड दोर आणि त्याला लोंबणाऱ्या गाठी दिसतात ना, त्या नवसाच्या नाहीत. पाहुणे हमखास तसं समजतात आणि खिशातला रुमाल काढून आपलीही एक गाठ मारायला जातात. त्यांना अडवायचं काम गावानं माझ्याकडे दिलं आहे. करंजाखालचा हा ओटाही कुण्या देवाचा नाही. तो रिकामा आहे, आणि रिकामाच ठेवायचा असतो. नारळ आणला असेल तर परत न्या. वाटेत फोडून खा, आम्हाला राग येणार नाही.

हे गाव दोर वळणाऱ्यांचं. अंबाडी पेरायची, दिवाळीच्या सुमाराला कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात दगडाखाली दाबायच्या. पाण्यात कुजली की साल सुटते, तिचा वाख, म्हणजे धागा, निघतो आणि वाखाचे दोर. पण अंबाडी कुजलेलं पाणी विषासारखं होतं. मासे मरतात, जनावर तोंड लावत नाही. म्हणून पेंढ्या खालच्या ओढ्यात घालायच्या आणि पिण्याच्या तळ्याला अंबाडीचं एक पानही लावायचं नाही, असा नेम होता. दुसरं एक सांगून ठेवतो. पेंढी बांधायची गाठ घरागणिक वेगळी असे. नवी सून आली की आधी सासरची गाठ शिकायची, मग चुलीकडे जायचं. अजूनही तसंच आहे. आमच्या घरची गाठ दुहेरी पिळाची, दोरावर वरून पहिलीच.

तळ्याची राखण धुरपती नावाची एक बाई करायची, असं सांगतात. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, अंबाडीचं शेतही नव्हतं. ती तळ्यातला पाला काढायची, गुरं हाकलायची, आणि त्याबद्दल घरोघरचे लोक तिला धान्य देत. या ओट्याच्या जागी तिची झोपडी होती. स्वभावानं फटकळ होती म्हणे. कुणी काठावर धुणं आपटलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. अशी माणसं गावाला हवी असतात, पण आवडत नाहीत.

एका वर्षी पाऊस लवकर उघडला आणि दिवाळीआधीच ओढा आटला. अंबाडी कापून पडलेली. पाणी मिळालं नाही तर वाळून सरपण होणार, वर्षाची मेहनत जाणार. तळं मात्र अर्धं भरलेलं होतं. त्याच सुमाराला धुरपती बहिणीच्या बाळंतपणाला शेजारच्या गावी गेली. ती गेली आणि कुणीतरी पहाटेच्या अंधारात एक पेंढी तळ्यात दाबली. एवढं मोठं तळं, एका पेंढीनं काय होतंय, असं त्याला वाटलं असेल. दुसऱ्यालाही तेच वाटलं. सगळ्या गावाला आपापल्या घरी तेच वाटलं. कुणी कुणाला पाहिलं नाही, आणि पाहिलं असेल तर सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्याचीही पेंढी पाण्यातच होती.

धुरपती परतली तेव्हा मासे उताणे तरंगत होते. तिनं गावभर विचारलं, शिव्या दिल्या. शेवटी तिनं निवळीच्या बिया कुटून त्यांची पूड मुठीमुठीनं पाण्यात टाकली. घागरीतलं पाणी त्यानं निवळतं, तसं तळंही निवळेल अशी तिला आशा होती. तोवर घरोघरी मुलांना हगवण लागली होती. पहिली गेली ती गोदी, मसाजीची मुलगी. मसाजी आमच्याच घरातला. त्याचं नाव मी टाळत नाही, टाळायचं नाही असं मला वडिलांनी शिकवलं आहे.

गोदीला माती देऊन लोक या करंजाखाली बसले. काय झालं ते प्रत्येकाला ठाऊक होतं. अंबाडी हा शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघाला नाही. तेव्हा मसाजी म्हणाला, "म्या पाह्यलं. धुरपतीनं तळ्यात कायतरी टाकलं."

हे खोटं होतं का? तिनं टाकलं होतं, त्यानं पाहिलंही होतं. कधी टाकलं तेवढं त्यानं अलीकडचं पलीकडे केलं, मासे मेल्यानंतरचं आधीचं केलं. बाकीचं काम इतरांनी केलं. एकाला आठवलं की पूड काळी होती. दुसऱ्याला आठवलं की ती काहीतरी पुटपुटत होती. जी माणसं त्या दिवशी गावातही नव्हती, त्यांनीही पाहिलं होतं. मला विचाराल तर मसाजीनं गावाला फसवलं नाही. गाव टेकायला जागा शोधत होतं, त्यानं ती दाखवली. आपल्याच हातानं लेकरू गेलं, हे घेऊन माणूस घरी कसा जाणार? धुरपतीच्या हातानं गेलं म्हटलं की रडता येतं.

धुरपतीला ओढून आणलं. ती म्हणाली, "मंग उतरा की पाण्यात. खाली काय हाय ते काढा वर, अन् मंग मला बोला." पाणी इथं, तुम्ही उभे आहात त्याच्या पुढ्यात. एकही जण उतरला नाही. मग ती ओंजळ भरून ते पाणी सगळ्यांदेखत प्यायली. ती पडली नाही तेव्हा लोक म्हणाले, तिनंच केलेलं, तिला कशाला बाधेल? पडली असती तरी काहीतरी म्हणाले असतेच. झोपडी मोडली, आणि ती वर खिंड दिसते ना, तिच्यातून तिला पलीकडे हाकलून दिलं. जाताना तिनं शाप दिला असं काही लोक सांगतात. आमच्याकडे तसं सांगत नाहीत. ती फक्त विचारत होती म्हणे, "कामून? म्या काय केलं?"

पेंढ्या कुणी बाहेर काढल्या नाहीत. काढायला जाणं म्हणजे कबूल करणं. म्हणजे ज्या वाखासाठी हे सगळं झालं, तोही गेला. उन्हाळ्यात तळं तळाला लागलं. अंबाडी कुजून चिखल झाली होती, पण त्या चिखलावर गाठी जशाच्या तशा पडल्या होत्या. घराघराच्या, ओळखू येतील अशा. कुजायला हव्या होत्या त्या गाठी का कुजल्या नाहीत, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

सगळं गाव काठावर उभं होतं आणि कुणी खाली पाहत नव्हतं. गोदीची आई सुंदरा चिखलात उतरली. दुहेरी पिळाची गाठ उचलून म्हणाली, "ही माझी. म्याच बांधली व्हती." मग एकेक जण उतरला. मसाजी उतरला नाही. म्या टाकलं नाही, तिनंच टाकलं, म्या पाह्यलं, हेच तो मरेपर्यंत म्हणत राहिला. शेवटी शेवटी तो खोटं बोलत नव्हता, असं वडील सांगायचे. त्याला खरंच तसं दिसायचं. मला त्याचा राग येतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर काय पाहिलं असतं, याची भीतीही वाटते.

लोकांनी धुरपतीला शोधलं. बहिणीकडेही ती सापडली नाही. तेव्हा गावकऱ्यांनी झोपडीच्या जागी हा ओटा बांधला आणि तिच्या नावाचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासायचा दगड, बसवून पूजा सुरू करायचं ठरवलं. शेंदूरही आणला होता. सुंदरा आडवी आली. म्हणाली, "तिला देवी केली की ती आपल्याला माफ करनार, अन् आपन सुटनार. ती बाई व्हती. बाईच ऱ्हाऊ द्या."

म्हणून आजही ओटा रिकामा आहे. आजही पाणी तळाला गेलं की घरोघरची माणसं खाली उतरतात, आपल्या घरची गाठ मारतात, "ही माझी" असं मोठ्यानं म्हणतात आणि ती या दोराला बांधतात. पहिली आम्ही. आजही चऱ्हाटवाडीत कुणी कुणाविषयी "मी पाहिलं" म्हणालं, की ऐकणाऱ्यानं उठून आधी बघून यायचं. कुणी उठलं नाही, तर समजायचं की खाली आपलीच पेंढी आहे.

आता तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात, की धुरपतीचं पुढे काय झालं. खिंडीपलीकडच्या लोकांनी तिला ठेवून घेतलं, ती म्हातारी होऊन सुखानं गेली, असंही एक जण सांगतो. ऐकायला फार बरं वाटतं. मलाही वाटतं. म्हणूनच मी ते खरं आहे असं कुणाला सांगत नाही.