गेरूची फुली

एकदा एका नदीकाठच्या गावी, सागाची वखार चालवणारा एक व्यापारी लघवीच्या त्रासाने हैराण होऊन वृद्ध धन्वंतरींकडे आला. धन्वंतरी दुसऱ्या रुग्णापाशी होते, म्हणून आधी त्यांच्या शिष्यानेच त्याला तपासले. प्रोस्टेट ग्रंथी बोटाला दगडासारखी कठीण लागली आणि उतावळा शिष्य बोलून गेला, "शेठ, हा कर्करोगच!"

गुरूंनी मागाहून ग्रंथीचा कणभर तुकडा काढून शहरी तपासायला धाडला. "अजून काहीच ठरलेलं नाही," असे ते परोपरीने म्हणाले. पण एकदा कानात शिरलेला शब्द निघतो थोडाच! दरवर्षी नदीकाठी सागाचे एक रोप लावणारा तो माणूस. यंदा रोप अंगणातच सुकू लागले. "ते वाढलेलं बघायला मी कुठे असणार?" तो म्हणे. हे ऐकल्यापासून शिष्याला घास गोड लागेना.

एका सकाळी गुरू शिष्याला घेऊन व्यापाऱ्याच्या वखारीत गेले. धुके अजून नदीवरून उठले नव्हते. कोवळ्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता. जणू सारी वखार अर्धवट झोपेत होती.

"शेठ, तो ओंडका आडवा कापा," गुरू म्हणाले.

"तो? अहो, तो जळणाचा!" खोडावर फुगवटा लागला की आत कीड समजायची आणि गेरूची फुली मारायची, ही व्यापाऱ्याची जन्माची रीत.

तरी करवत चालली. आत कीड नव्हती. एक जुना खिळा होता, आणि त्याच्याभोवती घट्ट, निरोगी लाकूड.

"झाडाला इजा झाली, त्याने ती वेढून टाकली," गुरू म्हणाले. "शरीरही कधी असंच करतं. जंतू येऊन जातात, दाह मागे राहतो, ग्रंथी कठीण होते. बोटाला तीही कर्करोगासारखीच लागते. तुमच्या आत काय आहे, मलाही ठाऊक नाही. कीड निघाली तर तिच्याशी झुंजू. पण पाहण्याआधी फुली मारायची नाही."

शिष्याने मान खाली घातली.

काही दिवसांनी शहरातून निरोप आला: कर्करोग नाही, नुसता दाह. शिष्य धावतच निघाला. व्यापारी नदीकाठी चिखलाने माखलेल्या हातांनी रोपाभोवती माती दाबत होता. निरोपाची वाट त्याने पाहिलीच नव्हती. बातमी ऐकून तो लहान मुलासारखा रडला.

"शेठ, त्या दिवशी मी..." शिष्य म्हणू लागला.

व्यापाऱ्याने डोळे पुसले आणि पाण्याची कळशी त्याच्या हाती दिली. "घाला पाणी. मी तरी आजवर किती चांगले ओंडके जाळले, कोण जाणे!"