येसूचे मोकळे हात

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात कुणाचाही हात न धरणारी एक पोरगी होती.

नाव तिचं येसू. आधी ती अशी नव्हती हो! पण जांभळाच्या झाडावर चढताना जिवलग मैत्रीण गोदीने तिला वरून हात दिला आणि ऐन वेळी तो सुटला. येसू धपकन खाली आली, मनगट मोडलं. मनगट जुळलं, मैत्री काही जुळली नाही. तेव्हापासून ओढा ओलांडायचा तरी एकटीने आणि डबा खायचा तरी एकटीने. नागपंचमीला पोरी फुगड्या घालायच्या, तेव्हा ही गाल फुगवून पारावर बसायची. आईचा जीव तीळतीळ तुटायचा.

एका पावसाळ्यात गावाबाहेरच्या रिकाम्या गोदामात एक सर्कस मुक्कामाला आली. चिखलात तंबू कसा ठोकणार? झुल्यावर काम करणाऱ्या मावशीला मात्र स्वस्थ बसवेना. तिने गावातली पोरं गोळा केली, त्यांत गोदीही होती. कुणी दोरीवर चालू लागलं, कुणी चेंडू झेलू लागलं. शाळेत तोंड न उघडणारी पोरंही तिथे खदाखदा हसायची.

येसूचं मन झुल्यावर जडलं. एका झुल्यावरून सुटायचं आणि समोरच्या झुल्याला उलटं लटकलेल्या जोडीदाराने झेलायचं. खाली जाळी. मावशीचा नियम एकच, "सुटणाऱ्याने नुसते हात पुढे करायचे. धरायचं काम धरणाऱ्याचं."

येसूला हे कुठलं पटायला! हवेत सुटली की ती समोरच्याच्या बोटांवर झडप घालायची, बोटं निसटायची आणि बाईसाहेब जाळीत. रोज तेच. झुला जमतही नव्हता आणि सोडवतही नव्हता.

मावशी रागावली नाही. एक दिवस तिने येसूलाच गुडघ्यांनी उलटं लटकायला सांगितलं आणि समोरच्या झुल्यावर गोदीला चढवलं. येसूचं डोकं तापलं. सोडून द्यावी, कळू दे हिलाही, असं तिच्या मनात आलं. खाली जाळी होतीच, कुणी काही बोललं नसतं.

गोदी सुटली. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हात पुढे. येसूच्या हातात तिची मनगटं आली, घामाने ओली. आणि काय सांगू, येसूची बोटं आपोआप आवळली. गोदीचं सगळं ओझं खांद्यात आलं, हात भरून आले, तरी तिने सोडलं नाही.

दोघी तशाच झुलत राहिल्या. गोदी रडत रडत म्हणाली, "त्या दिवशी मी हात सोडला नाही गं. माझ्याच्याने धरवला नाही. सांगायला यायचे, तर तू तोंड फिरवायचीस."

येसूच्या भरून आलेल्या हातांना आता ते पुरतं कळलं होतं. खाली उतरून तिने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "आता तू धर मला."

गोदी घाबरली. पुन्हा सुटला तर, म्हणाली.

"तर पुन्हा चढेन."

येसू सुटली. या वेळी झडप नाही, नुसते मोकळे हात पुढे. गोदीने ते असे धरले, असे धरले, की मनगटांवर वळ उठले.

त्या नागपंचमीला सगळ्या पोरी दमून बसल्या तरी दोघींची फुगडी थांबेना. येसूची आई ओंजळीत लाह्या घेऊन बघतच राहिली, खायचंही विसरली.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: हात सुटला म्हणून माणूस सोडू नये. एकदा आपण कुणाला धरून बघावं, म्हणजे धरणाऱ्याचे कष्ट कळतात.