एक दिवसाच्या पिल्लाची ग्रंथी

"प्रबंधावर सही कधी करणार, सर?"

हर्षल ठोंबरेने तिसऱ्यांदा विचारलं. वासलवार सरांचा हा शेवटचा संशोधक विद्यार्थी. हुशार खरा, पण हुशारी जरा डोक्यात गेलेली.

पशुवैद्यक महाविद्यालयाच्या त्या प्रयोगशाळेत मी, तिथला तंत्रज्ञ, पलीकडे बसून मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढत होतो. सरांची निवृत्ती महिन्यावर आली होती. पस्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून माणूस दमतोच.

"एकदा सांग बाबा, काय सापडलं तुला?"

"कोंबडीच्या पिल्लाच्या डोळ्यामागे ग्रंथी असते. तिच्यातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी वयाबरोबर वाढतात, असं सगळी पुस्तकं म्हणतात. माझ्याकडे उलट आहे, सर! एक दिवसाच्या पिल्लात पेशींची गर्दी, आणि महिन्याच्या पिल्लात शोधून सापडत नाहीत."

"हं..."

सरांनी दोन काचपट्ट्या उचलल्या. सूक्ष्मदर्शकाकडे नेल्याच नाहीत. खिडकीशी जाऊन उजेडात धरल्या.

"सर, नुसत्या डोळ्यांनी पेशी दिसतात होय?"

"नाही दिसत. तू बघ."

हर्षलने हसत हसत बघितलं. प्रत्येक काचेवर ग्रंथीच्या कापाचा एक गुलाबी ठिपका. महिन्याच्या पिल्लाचा तिळाएवढा. एक दिवसाच्या पिल्लाचा... चवळीच्या दाण्याएवढा.

त्याचं हसू गेलं.

"चिठ्ठ्या कशाने लिहिल्या होत्यास?"

"...पेनाने."

ग्रंथीचा तुकडा स्पिरिटमध्ये टाकताना सोबत वयाची चिठ्ठी टाकायची, आणि ती पेन्सिलनेच लिहायची. स्पिरिटमध्ये शाई धुऊन जाते. आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा हे जाणतात.

"अक्षरं गेल्यावर काय केलंस?"

"आठवून पुन्हा लिहिल्या. मला सगळं लख्ख आठवत होतं, सर..."

मग त्याने काचांवरची वयं पुन्हा वाचली; लहान-मोठ्या पिल्लांच्या चिठ्ठ्या उलट लागल्या होत्या.

सर खुर्चीत बसले. रागावण्याएवढंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. मला दोघांचीही कीव आली.

"कुणाच्या लक्षात येणार नाही, सर," हर्षल अगदी हळू म्हणाला.

सरांनी खिशातली पेन्सिल काढून त्याच्यापुढे ठेवली.

"चिठ्ठ्या बदलल्या तर माझ्याकडे काय उरतं?" तो पेन्सिलकडे बघत म्हणाला. "पुस्तकात आहे तेच! तीन वर्षं गेली. अठ्ठेचाळीस पिल्लं मारली मी. त्यांनी मला काहीच नाही सांगितलं?"

सरांनी चष्मा काढला. डोळे चोळले.

"त्यांनी खरं सांगितलं होतं रे... नवं तू सांगितलंस."