आधी मोजे फेकणारा

एकदा एका अतिशीत देशात बर्फावरची हॉकी खेळणारा एक व्यावसायिक संघ होता. खेळापेक्षा धसमुसळेपणासाठीच त्याचा लौकिक अधिक. संघाने एक धिप्पाड गडी केवळ मारामारीसाठी पोसला होता, आणि आपण खेळाची सेवाच करतो आहोत, असे मालकाला मनापासून वाटे.

त्या खेळात एक रीत असते. भांडायचे तर हातमोजे बर्फावर फेकायचे. समोरच्याने फेकले नाहीत, तर त्याच्यावर हात उगारायचा नाही. हा गडी नेहमी आधी फेकायचा. गेल्या वर्षी त्याने एका प्रतिस्पर्ध्याचा खांदा मोडला होता. तोच आज अंतिम सामन्यात परतणार होता. मालकाने गड्याला बजावले, "त्याला आडवा कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

संघाच्या वृद्ध प्रशिक्षकांनी हे ऐकले. त्यांनी गड्याला शेजारी बसवले आणि त्याचे मोजे मनगटाशी चिकटपट्टीने घट्ट गुंडाळून टाकले.

"गुरुजी, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही."

"देतोय. उतर आता."

खेळ सुरू होताच प्रतिस्पर्धी थेट त्याच्यासमोर आला. मोजे फेकून त्याने मुठी आवळल्या. प्रेक्षक चेकाळले. गड्याने मनगटे झटकली, दातांनी पट्टी ओढली, सुटेना. नाइलाजाने तो उभा राहून नुसता पाहू लागला. प्रतिस्पर्ध्याचे ओठ पांढरे पडले होते. अखेर पंचांनी दोघांना दूर केले.

संघ सामना हरला. मालकाने शब्द पाळला. प्रशिक्षकांनाही निरोप दिला.

"का केलंत, गुरुजी?" गड्याने विचारले. त्याला रडू आवरत नव्हते.

पट्टी कापता कापता वृद्ध म्हणाले, "आधी मोजे फेकणारा शूर, असं लोक समजतात. पुष्कळदा त्याला भीती घेऊन क्षणभर उभं राहवत नाही, म्हणून तो मारून मोकळा होतो. इतक्या जणांना मारलंस, पण एकाचाही चेहरा पाहिला नव्हतास. आज तुला थांबावं लागलं."

गड्याने मोकळी झालेली मनगटे चोळली.

"तो घाबरला होता, गुरुजी."

"आणि तू?"

"मी पहिल्या सामन्यापासून घाबरतोय."

वृद्धांनी मान डोलावली. गडी उठला आणि प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीकडे निघाला.

"खांदा कसा आहे, विचारून येतो," तो म्हणाला.